काकांचं बी-ट्वेल्व्ह

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणापाशी. हळू बोला हं, काका गच्चीत शतपावली घालतायत. आपल्या सगळ्यांच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट आले की गेल्या आठवड्यात! आता कुणाचं काय आलं ते मी कशाला बघायला जाते, पण काकूंनी फाइल माझ्यासमोरच उघडली. मग काय डोळे मिटून बसू?

काकांचं बी-ट्वेल्व्ह! 200 च्या खाली गेलं की कमी धरतात ना, यांचं त्याच्याही निम्म्यावर. आणि हे तेच काका बरं का, ज्यांच्या घरी चार महिने कांदा-लसूण उंबरा ओलांडत नाही. ‘आम्ही सात पिढ्यांचे शाकाहारी, आम्हाला डॉक्टरचं तोंड माहीत नाही.’ शेजारच्या मालवणी वहिनींनी बांगडा तव्यावर टाकला रे टाकला की यांची खिडकी धाडकन् बंद. आवाज इथपर्यंत येतो. आणि वहिनींचा रिपोर्ट? बी-ट्वेल्व्ह झकास, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर! वहिनी बोलल्या काहीच नाहीत हो. नुसतं ‘अगोबाई, काकांचं कमी आलं?’ एवढंच. पण ते ‘अगोबाई’ काय होतं म्हणून सांगू...

तर काय सांगत होते, कोपऱ्यावरच्या आजींची सून डायटीशियन आहे ना, ती तिथेच होती. तिने सांगितलं, बी-ट्वेल्व्ह भाजीपाल्यात, डाळीत नसतंच मुळी. जिवाणू ते तयार करतात आणि आपल्याकडे येतं ते मासे-मटण-अंड्यातून, नाहीतर दूध-दह्यातून. काका उसळले. ‘मी दूध घेतो की रोज!’ तर काकू आतून, पोळी लाटता लाटता, ‘चहात. दोन चमचे.’ अहो, चेहरा बघायला हवा होतात! आणि त्यात काका शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात कितीतरी वर्षं. त्या गोळीनेसुद्धा बी-ट्वेल्व्ह उतरतं म्हणे. तरीच पायाला मुंग्या. आम्हाला वाटायचं, मांडी घालून जपाला बसतात म्हणून.

पण काका कसले गप्प बसतात! दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट घेऊन हजर. ते ऑक्सफर्डवाल्यांचं संशोधन नाही का, 2019 चं, अठ्ठेचाळीस हजार माणसं अठरा वर्षं तपासली ते. ‘वाचा! शाकाहारी लोकांना हृदयविकार 22 टक्के कमी!’ असं आजींच्या ओसरीवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सूनबाई शांतपणे म्हणाली, ‘काका, पुढची ओळ.’ पुढच्या ओळीत काय, तर मेंदूचा झटका 20 टक्के जास्त! काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळ तीच.

आता खरं बोलायचं तर, काकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती हं. सूनबाईच म्हणाली, हजार माणसांत दहा वर्षांत हृदयविकाराचे दहा जण कमी आणि झटक्याचे तीन जास्त, म्हणजे जमाखर्च शाकाहाराच्याच बाजूचा. पण तोवर काका जिन्यात पोचले होते. आणि वर तिने हेही सांगितलं की, नुसते मासे खाणाऱ्यांनासुद्धा हृदयविकार 13 टक्के कमी निघाला. हे वहिनींनी बरोब्बर ऐकलं. संध्याकाळी कोळंबीचा वास जरा जास्तच आला का हो, की मलाच वाटलं?

थांबा, वहिनींकडचंही ऐका, नाहीतर म्हणाल एकाचीच चहाडी करते. त्यांचे मिस्टर! गोव्याहून येताना दरवेळी ती चोरीस सॉसेजची माळ आणतात, आणि सकाळी पावाबरोबर सॉसेज हवंच. सूनबाईने त्यांनाही सोडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये खारवलेलं-धुरावलेलं मांस तंबाखूबरोबर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्याच यादीत घातलंय. यादी एक म्हणून धोका तेवढाच असं नाही हं, ती म्हणाली. पण रोज पन्नास ग्रॅम पोटात गेलं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. मिस्टरांनी तिथल्या तिथे हिशेब केला, पन्नास ग्रॅम म्हणजे सॉसेज किती, आणि गप्प झाले. त्यांचं कोलेस्टेरॉलही... जाऊ दे, ते मी बघितलं नाही असं मी काकूंना सांगितलंय.

मला विचाराल तर, नुसतं मांस सोडलं म्हणून तब्येत सुधारते थोडीच? काकांचं ताट बघा ना. सकाळी पोहे, दुपारी भात, चारला शेव-चिवडा, उपासाला साबुदाणा आणि वर बटाटा. डाळ म्हणजे वरणाचं पाणी. पालेभाजी काकूंच्या वाटणीला. आणि बारीक आहेत म्हणून मिरवतात! अहो, आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि ते इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघांचा तो जोडीने काढलेला फोटो आठवतो ना, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला? दोघांचा बीएमआय एकच, 22.3. पण चरबी मोजली तर साहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2! याज्ञिकांनीच तर पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका तपासल्या, 1993 पासून. त्यात तीनातल्या दोघींचं बी-ट्वेल्व्ह कमी. बाळं बघावी तर किडकिडीत आणि कातडीखाली चरबी. म्हणजे काका एकटे नाहीत. हे मी काकूंना धीर द्यायला सांगितलं, तर त्या म्हणतात, ‘यांना नका सांगू, लगेच म्हणतील परंपरा आहे.’

काकूंचं हिमोग्लोबिन? तेही खालीच. रोज पालक खातात हो, पण जेवण झालं की लगेच चहा. सूनबाई म्हणाली, चहाने लोह अंगी लागत नाही, त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळा. काकूंनी लिंबाचं मान्य केलं. चहाचं ऐकूच आलं नाही.

आता आतली बातमी. काकांना इंजेक्शनं सुरू झालीत. आणि परवा, कुणाला सांगू नका, त्यांनी सूनबाईला गाठून विचारलं, ‘केकमध्ये अंडं असतं, ते... मोजतात का?’

तर, मांसाहारी भाडेकरू ठेवू नयेत असा ठराव काकांनी दिलाय ना, तो सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगला आहे. मागे घेतील असं काकू म्हणतात, पण वहिनी म्हणतात, ‘नको नको, मांडू देत.’ तुम्ही येताय ना? जागा धरते तुमच्यासाठी. पुढे नको, शेवटून दुसरी रांग, खिडकीकडची. तिथून दोघांचेही चेहरे दिसतात.