शून्य ग्रॅमची काळजी

इंग्लंडातल्या कुठल्याही पागेत सकाळी सात वाजता डोकावा. एक बाई हातातल्या फोनकडे आणि डोक्यावरच्या आभाळाकडे आळीपाळीने बघत उभ्या दिसतील. फोनमध्ये हवामानाची तीन अ‍ॅप. पहिलं म्हणतं दुपारपर्यंत कोरडं, दुसरं म्हणतं दहाला सर येणार, तिसरं पन्नास टक्के सांगून हात वर करतं. बाई तिघांचा हिशेब जुळवत असतात, तोवर घोडा दारावरून मान बाहेर काढून गवत चघळत राहतो.

या बाईंना आपण रगबाई म्हणू. रग म्हणजे थंडीपावसात घोड्याच्या अंगावर बांधायची झूल. (पुरुषांतही ही जात आढळते, पण ते बायकोचं नाव पुढे करतात.) पन्नाशी उलटलेली, मुलं शिकून लांब गेलेली, नवरा सालस. घोडा भाड्याच्या पागेत ठेवलेला. जागेचे पैसे द्यायचे आणि लीद आपली आपण उपसायची, असा तिथला रिवाज. लेकीच्या घोडेस्वारीच्या शिकवणीपायी मी डेव्हनमधल्या अशाच एका पागेत शनिवारी ताटकळत असते, त्यामुळे रगबाईंशी माझा परिचय दांडगा आहे.

पागेमागे डार्टमूरचा माळ. त्या माळावर प्रिन्सटाउनला वर्षाकाठी २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरकर हसतील. पण आपला पाऊस चार महिन्यांत काय ते उरकून मोकळा होतो. इथला बारा महिने पिरपिरतो. रगबाईंचं खरं दुखणं हेच. कडाक्याची थंडी पडली की जाड रग घालावा, विषय संपला. पण बाहेर १४ अंश आणि वर भुरभुर, अशा दिवशी काय करायचं? जाड रगात घोडा घामाघूम होतो, उघडा सोडला तर भिजतो. त्यासाठी हवा हलका, पाणी अडवणारा, आत काहीही न भरलेला रग. बाजारात त्याला शून्य ग्रॅमचा म्हणतात. हा शून्य ग्रॅम हातात घेतला तर चांगला वजनदार लागतो, कारण ग्रॅम मोजतात ते फक्त आतल्या भरावाचे, दर चौरस मीटरमागे. ५०, १००, २००. ३०० च्या वर गेलं की भर हिवाळ्याचा.

रगबाईंकडे यातला प्रत्येक आकडा आहे. मधल्या आकड्यांसाठी आतून घालायची वेगळी अस्तरं आहेत. तरी पागेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज संध्याकाळी त्यांचा प्रश्न पडतोच, ‘आज रात्री कोण काय घालतंय?’ लग्नाच्या आदल्या दिवशी जावाजावांत ‘उद्या तू काय नेसणार’ चालतं ना, तसंच हे. उत्तरं ऐकून कुणी आपला बेत बदलत नाही.

नवा रग घ्यायचा म्हटलं की मात्र बाईंना महिनाभर दुसरं काही सुचत नाही. आधी डेनियर. ९००० मीटर सूत जितके ग्रॅम भरतं तितके डेनियर. इचलकरंजीत हे कुणीही सांगेल. रगाच्या कापडात ६००, १२००, १६८० असे आकडे असतात आणि आकडा चढेल तसं कापड दणकट होतं. रगबाईंची समजूत अशी की आकडा चढला की पाणीही जास्त अडतं. पाणी अडवणं हे कापडाच्या मागच्या लेपाचं आणि शिवणींवर चिकटवलेल्या पट्टीचं काम. डेनियर उपयोगी पडतो तो कुंपणाच्या तारेपाशी आणि शेजारच्या घोड्याच्या दातांपाशी. मी हे एकदा भीत भीत सांगून पाहिलं. “म्हणजे दोन्ही भक्कम हवं,” बाई म्हणाल्या, आणि खर्चाचा अंदाज चाळीस पौंडांनी वर गेला.

मग पाण्याचा आकडा. कापडावर पाण्याचा स्तंभ किती उंच उभा केला म्हणजे ते पाझरू लागतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. ३००० म्हणजे तीन मीटर. घोड्याच्या पाठीवर तीन मीटर उंच पाणी कधी उभं राहणार, असं रगबाईंच्या मनातही येत नाही. त्या ५००० चा कुठे मिळतो ते बघत असतात. शिवाय घोड्याचा घाम वाफ होऊन बाहेर पडायला हवा. बाहेरचं पाणी आत येता कामा नये, आतलं मात्र निघून जायला हवं, अशी अट घातली की दुकानदाराचा चेहरा खुलतो.

मापाच्या दिवशी टेपचं एक टोक माझ्या हातात आलं. बाईंचा घोडा कॉब, म्हणजे बुटका, गोल गरगरीत, पायांवर केसांच्या झालरी असलेला. छातीच्या मध्यापासून मागच्या टोकापर्यंत माप घ्यायचं. सहा फूट भरलं. मापं तीन-तीन इंचांनी चढतात. “सहा फूट तीन इंच घेऊ,” बाई म्हणाल्या, “श्वास घेताना घट्ट नको व्हायला.” मोठा रग मागे घसरतो, तसा तो घसरला, आणि चार दिवसांत खांद्यांवरचे केस घासून गेले. परत पाठवला. दुसऱ्याला खांद्यापाशी चुणी नव्हती. मान खाली घालून चरायला लागला की पुढून ओढ बसायची. तोही परत. तिसरा बसला. छातीवर दोन बकलं, पोटाखाली तिरके दोन पट्टे, त्यांत आपला पंजा आडवा जाईल एवढीच ढील, कारण जास्त ठेवली तर लोळताना पाय अडकतो. शेपटीखालून दोरी, वाऱ्याने मागची बाजू उडू नये म्हणून. बाईंनी दोनदा सगळं तपासलं आणि घोड्याला कुरणात सोडलं. त्याने शांतपणे हिंडून सगळ्यात चिखलाचा कोपरा शोधला आणि चारी पाय वर करून मनसोक्त लोळला.

हे चाललेलं असताना बाई स्वतः ज्या जॅकेटमध्ये उभ्या होत्या, त्याची चेन कधीच तुटलेली होती. पाणी कॉलरमधून शिरत होतं आणि बाहीतून गळत होतं.

रग धुण्याचीही एक शिस्त आहे. नेहमीच्या साबणाने लेपाची वाट लागते, म्हणून वसंतात सगळे रग धुलाईवाल्याकडे जातात आणि पाणी अडवणारा फवारा मारून परत येतात. एकदा नवऱ्याने बायकोला मदत म्हणून एक रग घरच्या यंत्रात, घरच्याच पावडरीत धुतला. लॅव्हेंडरचा वास मस्त येत होता. पुढच्या पावसात त्याची चाळणी झाली. तेव्हापासून नवऱ्याला चहा करण्यापलीकडे मदतीची मुभा नाही.

रगबाईंचा विरोधी पक्ष म्हणजे पागेच्या वरच्या अंगाचा म्हातारा शेतकरी. त्याची डार्टमूर तट्टं उन्हापावसात उघडी. वारा सुटला की त्याच्याकडे पाठ करून, शेपट्या आत घेऊन उभी राहतात. “घोड्याला कातडं दिलंय की देवानं,” एवढंच त्याचं म्हणणं. आणि ते खरंच आहे. घोड्याचे केस उतरत्या कौलांसारखे पाणी खाली ओघळवतात, कातडीचं तेल ते आत मुरू देत नाही, आणि पोटात वैरण आंबत असते तिची ऊब वेगळीच. अंगावर चांगले केस असलेला धडधाकट घोडा साधारण ५ ते २५ अंशांत आरामात असतो. उलट रगाखाली केस चपटे होतात आणि त्यांच्यात हवा धरून ऊब राखायची जी सोय असते तीच जाते. शिवाय गोल गरगरीत घोड्याने हिवाळ्यात थोडं रोडावावं, तर रगबाई त्यालाही गाठोड्यात बांधून ठेवतात.

पण म्हाताऱ्याच्या बाजूने मत देऊन मोकळं होता येत नाही. केस भादरलेला घोडा, शर्यतीतून निवृत्त झालेला पातळ कातडीचा घोडा, थकलेला, हाडं दिसणारा घोडा, यांना पाऊस आणि वारा एकत्र आले की खरोखर सोसत नाही. पाठ दिवसेंदिवस ओली राहिली की एक जिवाणू कातडीत घर करतो. केसांच्या गुठळ्या होतात, त्या खपल्यांसकट उपटून हातात येतात. आणि गळका रग तर उघड्या पाठीहून वाईट, कारण तो ओल धरून बसतो. म्हणून रगबाई रोज सकाळी बकलं सोडून हात आत घालतात. कान गार लागले तर घाबरत नाहीत, कान फसवतात. खांद्यामागची कातडी कोमट आणि कोरडी लागली की मगच त्यांचा चेहरा सैल होतो. शेजारच्या ठाणावर एक म्हातारी घोडी आहे, तिच्या मालकिणीला नोकरीमुळे रोज यायला जमत नाही. तिच्या पाठीवर गुठळ्या धरू लागल्या, ते ऑक्टोबरात पहिल्यांदा कळलं ते रगबाईंच्या बोटांना. तिचा रग सांगता न सांगता कुणी बदलला, हे पागेत सगळ्यांना माहीत आहे.

मागे मी त्यांना नॉर्वेची हकिगत सांगितली. तिथल्या संशोधकांनी २३ घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवल्या. आडव्या रेघेच्या पाटीला नाक लावलं की रग घालायचा, उभ्या रेघेच्या पाटीला लावलं की काढायचा, कोरीला लावलं तर आहे तसं राहू द्यायचं. दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. पावसापाण्याच्या गार दिवशी घोडे रग मागत, ऊन पडलं की काढा म्हणत.

बाईंनी खरारा थांबवून मन लावून ऐकलं. त्यांचा घोडा माझ्या खिशातलं गाजर शोधत होता.

“पाट्या तीनच?”

“तीनच.”

“कसं जमायचं?” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे रग नऊ आहेत.”