चेंडू झाडांतून बाहेर काढण्याची रीत

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात असलेले ऑगस्टा नॅशनल हे गोल्फचे मैदान पूर्वी रोपवाटिका होते. मूळच्या बेल्जियमच्या बर्कमन्स कुटुंबाची ती जागा बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी घेतली, अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांच्यासह जोन्स यांनी मैदान आखले आणि १९३४ पासून तेथे मास्टर्स स्पर्धा होऊ लागली. रोपवाटिकेची आठवण म्हणून अठराही होलांना झाडाझुडपांची नावे आहेत. पाचवे मॅग्नोलिया, दहावे कॅमेलिया, तेरावे अझेलिया. ज्या पाइनमध्ये चेंडू खरोखर जातात, त्याचे नाव मात्र एकाही होलला नाही.

खेळ टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, सुरू होतो. खेळाडूने प्रथम फेअरवेकडे, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याकडे, पाहावे, कारण चेंडू तिकडे जाण्याचा संभव कमी असला तरी प्रेक्षकांना तसा हेतू दिसला पाहिजे. मग डावीकडची आणि उजवीकडची झाडे पाहावीत व जी अधिक आवडतील ती सोडून द्यावीत. चेंडू आपण होऊन तिकडे जातो. दहाव्या होलला हे विशेष लागू पडते. २०११ च्या मास्टर्समध्ये रोरी मॅकिलरॉय शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना त्याचा टीवरचा चेंडू झाडाला लागून डावीकडच्या लाकडी बंगल्यांमध्ये जाऊन पडला. एरवी तेथे चेंडू जात नाहीत, माणसे मुक्कामाला जातात. त्या होलला त्याचे सात फटके झाले आणि दिवसाअखेर ऐंशी.

चेंडू झाडांत गेल्यावर शोधायला तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत असत. दोन मिनिटांची ही कपात कोणाच्या भल्यासाठी झाली, हे मागच्या गटात ताटकळणाऱ्यांना विचारावे. चेंडू सापडला की आजूबाजूच्या वाळलेल्या पाइनपानांचा प्रश्न येतो. ही लांब, सुईसारखी पाने सुटी असल्याने उचलता येतात, पण चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. म्हणून एक पान दोन बोटांच्या चिमटीत धरून, श्वास रोखून, खालच्या पानाला कळणार नाही असे उचलावे लागते. करोडपती माणूस गुडघे टेकून अंगणातल्या काड्या वेचताना पाहायचा असेल तर ही उत्तम जागा आहे. आड येणारी जिवंत फांदी मात्र वाकवून किंवा मोडून वाट मोकळी करायची सोय नाही.

आता खरा निर्णय. शहाणपणाचा मार्ग एकच: चेंडू आडवा मारून फेअरवेवर आणावा आणि एक फटका गेला असे समजावे. हा मार्ग सर्वांना ठाऊक असतो आणि तो दुसऱ्याला सांगण्यासाठी राखून ठेवलेला असतो. स्वतःला दोन खोडांमधली फट दिसते. झाड म्हणजे नव्वद टक्के हवा, असे गोल्फवाले म्हणतात. उरलेले दहा टक्के लाकूड चेंडूला बरोबर सापडते. या रोगाला उदाहरणेच कारण आहेत. २०१० साली फिल मिकलसनने तेराव्या होलला पाइनपानांवरून, दोन झाडांमधून, ओढ्यापलीकडच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू नेला, तो भोकापासून काही फुटांवर थांबला. चेंडू भोकात ढकलायचा पुढचा छोटा पट मात्र चुकला, हे सांगायला लोक विसरतात. २०१२ साली बबा वॉटसनने दहाव्याला झाडांतून असा वळणदार फटका मारला की चेंडू ग्रीनवर गेला आणि स्पर्धा खिशात. त्यानंतर किती हौशी खेळाडूंच्या चेंडूंनी बुंध्यांना सलाम केला असेल, त्याची गणती नाही.

बारावे होल अवघे १५५ यार्डांचे आहे, त्यामुळे सोपे वाटते. येथे झाडांचा दोष आडून येतो. टीवर उभ्या खेळाडूला ती वाऱ्यापासून आडोसा देतात; चेंडू शेंड्यांच्या वर गेला की वारा भेटतो आणि खाली रेज क्रीक हा ओढा वाट पाहत असतो. हातात घेतलेला क्लब बदलावासा वाटला तर बदलावा, पुन्हा वाटल्यास पुन्हा. चेंडू पाण्यात जायचा तो जातोच. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ आघाडीवर होता. येथे दोन चेंडू ओढ्यात गेले आणि तीनच्या जागी सात लागले. १९८० मध्ये टॉम वाइसकॉफने तर तेरा मोजले.

सतराव्याला पूर्वी एक पाइन उभा होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे चेंडू त्यालाच लागत, म्हणून १९५६ मध्ये ऑगस्टा नॅशनल क्लबच्या बैठकीत त्यांनी तो तोडण्याचा प्रस्ताव मांडला. अध्यक्षस्थानी असलेल्या रॉबर्ट्स यांनी प्रस्ताव नियमबाह्य ठरवून बैठकच संपवली. २०१४ च्या हिमवादळात ते झाड गेले. झाडाविरुद्ध अर्ज करायचा असल्यास बैठकीपेक्षा हवामानाकडे करावा, हे बरे.

अठराव्यानंतर स्कोअरकार्ड तपासून सही करावी. १९६८ साली रॉबेर्तो दे व्हिसेन्झोने सतराव्याला तीन फटके घेतले होते. सोबतच्या टॉमी अ‍ॅरनने चार लिहिले आणि दे व्हिसेन्झोने न पाहता सही केली. जास्तीचा आकडाच नियमाने ग्राह्य धरला गेला, आणि एका फटक्याने त्याची बॉब गोल्बीशी बरोबरी हुकली. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता.