रात्री झोपताना दोन चमचे

नणंदेने कॅनडाहून येताना मेपलचा चॉपिंग बोर्ड आणला. विमानात तेवीस किलोंची मर्यादा. त्यातले दोन किलो तिने माझ्या भेंड्यांसाठी खर्ची घातले म्हणून मला अगदी भरून आलं. मग बोर्डाला सुतळीने बांधलेलं सूचनापत्रक वाचलं आणि आलेलं सगळं ओसरलं.

पाण्यात भिजत घालू नये. ओला असताना आडवा ठेवू नये. उन्हात ठेवू नये. धुतल्यावर दोन्ही अंगं पुसून उभा करावा. महिन्यातून एकदा तेल चोळून रात्रभर मुरू द्यावं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढी पथ्यं कुणी सांगितली नव्हती. आणि तेव्हा तेल चोळायला निदान बाई लावली होती.

आमच्याकडे तोवर विळी. तिची फळीही लाकडीच. सासूबाईंनी चाळीस वर्षं तिच्यावर पाय रोवून फणसापासून बोंबलापर्यंत सगळं चिरलं, पण तिला कधी कुणी तेलाचं बोट लावलं नाही. फणसाचा चीक चिकटू नये म्हणून पात्याला लावतात ते खोबरेल ओघळून फळीवर आलं असेल तेवढंच. एरवी सासूबाईंनी असल्या नाजूक बोर्डाचे वाभाडे काढले असते. पण लेकीने आणलेली वस्तू! त्यामुळे पाटात (त्या त्याला पाटच म्हणतात) खोट असणं शक्यच नव्हतं. जे बिघडेल ते सुनेच्या हातून बिघडणार होतं.

आणि बिघडत गेलं. पहिल्या महिन्यात मी पत्रक प्रमाण मानून तेल लावलं, पण कुठलं ते पाहिलं नाही. घरात होतं ते शेंगदाण्याचं लावलं. बोर्ड असा तुकतुकीत झाला की दोन दिवस त्याच्यावर सुरी चालवायला हात होईना. तीन आठवड्यांनी मुलगा म्हणाला, ‘‘आई, पपईला दिवाळीचा वास येतोय.’’ दिवाळीचा म्हणजे डब्याच्या तळाशी राहून गेलेल्या चिवड्याचा. शेंगदाण्याचं तेल लाकडात मुरतं, पण वाळून घट्ट होत नाही. तसंच राहतं आणि खवट होतं. अर्धं लिंबू आणि जाडं मीठ घेऊन मी बोर्ड घासत बसले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आता वर हिरवी मिरची चिरून टाक, लोणचंच होईल.’’

मग थंडीत ओली हळद आली. लोणच्यासाठी पाव किलो हळद चिरली आणि बोर्डाच्या मधोमध पिवळाधमक गोल उमटला. कुणीतरी सांगितलं, खायचा सोडा लाव. ज्या बाईने आयुष्यभर हळदीचे कपडे धुतलेत, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे पाहिलंय, तिला तरी कळायला हवं होतं. हळदीला क्षार भेटला की ती तांबडी होते. कुंकूही याच युक्तीने करायचे. सोडा लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पिवळा गोल तांबूस झाला. ‘‘चला,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाटाचं हळदीकुंकू झालं. वाण काय देतेस?’’

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे मात्र मला पक्कं ठाऊक. बोर्ड धुतला आणि पत्रक ड्रॉवरमध्ये सारून दिवसभर गॅलरीत उताणा टाकला. डाग खरंच फिका झाला. पण संध्याकाळी ओट्यावर ठेवून कांदा चिरायला घेतला तर बोर्ड पाळण्यासारखा डुलायला लागला. खटक्-खटक्, खटक्-खटक्. ऊन लागलेलं अंग सुकून आक्रसलं, खालचं ओलसर अंग होतं तसंच राहिलं, आणि कडा वर उचलल्या गेल्या. शेवटी खोलगट बाजूवर ओलं फडकं टाकलं, तेव्हा सकाळपर्यंत साहेब बरेचसे सरळ झाले. पापड वाळताना का वळतो हे मला या वयात बोर्डाने शिकवलं.

अशात मुलाने नवीनच पिल्लू सोडलं, की लाकडात जंतू राहतात, प्लास्टिकचा आणू. त्याला मी डीन क्लायव्हर यांचं नाव ऐकवलं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या या संशोधकांना लाकडी बोर्ड प्लास्टिकइतका सुरक्षित कसा करता येईल हे शोधायचं होतं. १९९४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी छापलेले निष्कर्ष भलतेच निघाले. लाकूड जंतूंना आत ओढून घेतं. तिथे ते वाढत नाहीत, हळूहळू मरतात. सुरीच्या चरे पडलेल्या प्लास्टिकमध्ये मात्र ते ठाण मांडून बसतात, धुऊनही हटत नाहीत. अर्थात, म्हणून लाकूड धुवायचंच नाही असं क्लायव्हर म्हणाले नव्हते. तसा अर्थ आमच्या घरातल्या पुरुषांनी काढला.

राहता राहिलं तेल. चौकशीअंती कळलं, की बोर्डाला लावायचं ते खनिज तेल म्हणजे आपल्या केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन. रंग नाही, वास नाही, कधी खवट होत नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. संध्याकाळची गर्दी.

‘‘लिक्विड पॅराफिन आहे? मोठी बाटली द्या.’’

गल्ल्यावरचा मुलगा आवाज खाली आणून, म्हणजे फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल असा, म्हणाला, ‘‘काकू, किती दिवसांपासून त्रास आहे?’’

‘‘मला नाही. पाटाला लावायचंय.’’

‘‘पोटाला लावत नाहीत काकू, प्यायचं असतं. रात्री झोपताना दोन चमचे.’’

मी ‘पाट, पाट’ म्हणत हाताने सुरी चालवून दाखवली. त्याने कळवळून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘इतकं दुखतं?’’

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी इसबगोलाचा डबा घेऊन आल्या. तळमजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये, वर आकड्यांकडे बघत, एरंडेलाची थोरवी सांगितली. मी कुणाकुणाला बोर्ड दाखवणार?

पण तेल मात्र खरं. कोमट करून चोळलं, रात्रभर उभा ठेवला, सकाळी पुसला. पाण्याचा थेंब अळूच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळला.

सासूबाईंनी बाटली हातात घेतली, चष्मा वर करून लेबल बारकाईने वाचलं. ‘‘जुलाबाचं औषध लाकडाला पाजतेस,’’ म्हणाल्या आणि बाटली ठेवून दिली.

त्याला दोन महिने झाले. मध्यंतरी पाहुणे, लग्नसराई, मेजवान्या. बोर्डाला तेल लावायचं राहूनच गेलं. काल बाटली काढली तर ती निम्म्यावर आलेली. मी सहज विचारलं, ‘‘आई, तुम्ही लावलंत का पाटाला तेल?’’

सासूबाई विळीवर गवार मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘येताना दुसरी आण. मोठी.’’