बखरकारासह गड चढण्याची नियमावली

सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक जण घरी गेल्यावर लिहायला बसतो. बाकीचे अंघोळ करून झोपतात. ही नियमावली त्या बाकीच्यांसाठी आहे.

लिहिणाऱ्याला आम्ही बखरकार म्हणतो. त्याचा स्वतःचा ब्लॉग आहे, ब्लॉगला वाचक आहेत आणि त्यांतले बरेचसे आम्हीच आहोत. तो शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्याला टाळता येत नाही. आणि वाटा त्यालाच पाठ, त्यामुळे त्याला सोडून जाताही येत नाही. अशा परिस्थितीत नियम करून ठेवलेले बरे. उदाहरणादाखल हरिश्चंद्रगड घेतला आहे. गड समुद्रसपाटीपासून १४२४ मीटर उंच आहे. हा आकडा दुसऱ्याच परिच्छेदात यावा असा वृत्तांतकारांचा दंडक असल्यामुळे मीही तो इथेच टाकून मोकळा होतो.

कलम १. बखरकार ओळखणे. कल्याणहून माळशेज घाटातून आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीत तुम्ही सगळे मान टाकून झोपलेले असता, तेव्हा जो कंडक्टरला गाव विचारत असतो, तो बखरकार. खुबी फाट्यावर उतरल्यावर चहाचा ग्लास हातात असूनही जो पीत नाही, कारण ग्लासातली वाफ आणि मागचा डोंगर एका चौकटीत बसत नाहीयेत, तोही तोच. पण खरी खूण वेगळीच. तुम्ही काही विनोदी बोललात की सगळे हसतात, हा हसत नाही. हा साठवतो.

कलम २. बोलण्याबाबत. बखरकारासमोर उच्चारलेलं प्रत्येक वाक्य वृत्तांतात येऊ शकतं, याचं भान ठेवावं. चांगलं वाक्य असेल तर ते त्याच्या तोंडी येईल, सुमार असेल तर तुमच्या. खिरेश्वरकडे जाताना पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावरून बरंच चालावं लागतं. पाणी सुरेख, वाट सपाट, माणसं ताजीतवानी. त्यामुळे सगळे विनोद इथेच खर्ची पडतात. मी याच बांधावर केलेली एक बऱ्यापैकी कोटी पुढे 'मी म्हणालो' या दोन शब्दांमागे छापून आली. तो 'मी' मी नव्हतो. तेव्हापासून बांधावर मी फक्त हवामानाबद्दल बोलतो. ठेवणीतले विनोद त्याच्या मोबाइलची बॅटरी उतरल्यावर काढावेत. पॉवर बँक कोणाकडेच नाही असं सांगणंही या कलमाखाली क्षम्य आहे.

कलम ३. दमण्याबाबत. हे कलम नीट वाचावं. वृत्तांतात कुणीतरी दमावंच लागतं, त्याशिवाय मजकूर चढत नाही. आमच्यात ही जागा कायमची भरलेली आहे. 'आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्याची टोलार खिंडीपर्यंतच दमछाक झाली' असं वाक्य आलं की तो ज्येष्ठ सदस्य म्हणजे मी. मी बखरकारापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे. तो स्वतः संपूर्ण वाट सगळ्यांच्या मागे असतो, कारण दर वळणावर गवताचे फोटो काढतो. वृत्तांतात मात्र तो 'मागे राहून सर्वांना सांभाळत' येतो. खिंडीत वाघ कोरलेला दगड आहे. त्या वाघाने आम्हा सगळ्यांना वर जाताना पाहिलंय, त्याची साक्ष काढावी.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावं. हुशार लोक उलट करतात. ते तरातरा पुढे जातात, सावलीत बसून चिक्की खातात आणि मागचा धापा टाकत पोचला की 'चला रे, आले सगळे' म्हणून उठतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. खिंडीच्या वरच्या कातळावर लोखंडी कठडे बसवले आहेत, पण पावसात कठड्यापेक्षा बुटाच्या तळव्यावर भिस्त ठेवावी. महागडे परदेशी बूट शेवाळावर घसरताना पाहिलेत आणि बाजारातले साधे अ‍ॅक्शन ट्रेकिंग तिथेच टिच्चून उभे राहताना पाहिलेत. कातळ संपला की टेकड्या लागतात. एक चढावी, उतरावी, की पुढे दुसरी. 'ही शेवटची' असं प्रत्येक टेकडीला कुणीतरी म्हणतंच. सांगणाऱ्यावर रागावू नये, त्यालाही वरून कुणी तसंच सांगितलेलं असतं.

कलम ४. जिथे कपारीत मधमाश्यांची पोळी असतील तिथे आरोळ्या, धूर आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. यात विनोद नाही.

कलम ५. केदारेश्वराच्या गुहेबाबत. गुहेत मोठं शिवलिंग आहे, भोवती कमरेइतकं पाणी आणि ते पाणी असं गार की पाय घातल्यावर पहिल्यांदा देव आठवत नाही, आई आठवते. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जगबुडी, असं लोक सांगतात. बखरकार आम्हाला त्या पाण्यातून प्रदक्षिणा घालायला लावतो आणि स्वतः कोरड्या पायरीवरून व्हिडिओ काढतो. पूर्ण प्रदक्षिणा झाल्यावर वरून आवाज येतो, "अरे, रेकॉर्ड झालंच नाही, परत एकदा." चौथा खांब खरोखर कलू लागला तरी हा आधी त्याला थोडं डावीकडे कलायला सांगेल.

इथेच एक ऐतिहासिक टिपण. चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ याच गडावर लिहिला असं म्हणतात, म्हणजे या डोंगराला लिहिण्याची लागण जुनीच दिसते. पण चांगदेवांची मला सर्वांत आवडणारी रचना म्हणजे त्यांनी ज्ञानेश्वरांना पाठवलेलं कोरं पत्र. मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही. केवढा हा संयम! चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असा शेरा मुक्ताबाईंनी मारल्याची कथा आहे. शेरा मार्मिक आहे, मान्य. पण मुक्ताबाईंना रविवारी रात्री अकरा वाजता एकोणसाठ फोटोंसह तीन भागांतला वृत्तांत आलेला नव्हता. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. आमच्या तीन भागांना मी अंगठा पाठवतो.

कलम ६. कोकणकड्यावर. इथे बखरकार तुम्हाला पाठमोरं बसवेल. दरीकडे तोंड, कॅमेऱ्याकडे पाठ, चेहऱ्यावर चिंतन. चेहरा दिसणार नसला तरी चिंतन हवंच, असा त्याचा आग्रह असतो. कड्याच्या काठाशी उभं राहून हे करू नये. कडा आत वळलेला आहे आणि आपण कशावर उभे आहोत ते वरून दिसत नाही. पोटावर पालथं पडून डोकावावं. कर्नल साइक्स यांना इथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं. हे मला ठाऊक आहे, कारण साइक्ससाहेबांना वंदन केल्याखेरीज हरिश्चंद्रगडाचा एकही वृत्तांत कड्याकडे सरकत नाही. माझ्या पाहण्यात जितके वृत्तांत आले त्या सर्वांत ते आहेत. इतकी वर्षं इतक्या ब्लॉगांवर फुकट राबलेला दुसरा इंग्रज नसेल. तरी कुणी सरळ सांगत नाही ती गोष्ट अशी: इंद्रवज्रासाठी ऊन पाठीमागून हवं आणि समोर दरीत ढग हवा. कडा पश्चिमेला, तेव्हा हे जमायचं ते सकाळी. लोक संध्याकाळी सूर्यास्ताला गर्दी करतात, सूर्य समोर ठेवून साइक्सना शोधतात आणि सकाळी तंबूत घोरत पडतात.

कलम ७. भाकरीबाबत. उतरताना पाचनईची वाट धरली तर गावात एखाद्या घरी जेवणाची सोय होते. आम्ही जातो तिथे मावशी चुलीसमोर बसून थापतात. परातीत पिठाचा गोळा फिरत फिरत ताटाएवढा होतो, तव्यावर पडतो, वरून पाण्याचा हात फिरतो, आणि मग तवा बाजूला सरकवून भाकरी निखाऱ्याशी उभी केली की ती टम्म फुगते. पानात पिठलं, ठेचा, फोडलेला कांदा. दोन दिवस मॅगीवर काढलेली माणसं भोवती बसलेली. आणि या क्षणी बखरकार उभा राहून हात आडवा करतो : "कुणी हात लावायचा नाही. आधी ताटाचा घेतो." भाकरीतली वाफ जायला लागते. उजेड नीट येत नाही म्हणून तो ताट दारात नेतो. दारात कुत्रं असतं, म्हणून परत आणतो. शेवटी मावशीच म्हणतात, "आरं खा की आधी, निवून गेलं सारं." त्यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून नियम असा : बखरकाराचं ताट सर्वांत आधी वाढून घ्यावं, त्याने त्याचं काय ते करावं, बाकीच्यांनी जेवायला लागावं. या नियमामुळे आमच्यातली दोन मैत्र्यांवर आलेली संकटं टळली आहेत.

कलम ८. वृत्तांत वाचण्याबाबत. वृत्तांताची सुरुवात 'बरेच दिवस मनात होतं' अशी होते. प्रत्यक्षात गुरुवारी संध्याकाळी एक साखरपुडा पुढे ढकलला गेला आणि शनिवार मोकळा झाला, एवढंच घडलेलं असतं. शेवट 'जड अंतःकरणाने निरोप घेतला' असा होतो. राजूरला जाणारी जीप सुटत होती, आम्ही चपला हातात घेऊन धावलो आणि टपावर बसलो. अंतःकरणाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. तरीही हरकत घेऊ नये. हरकत घेतलीत तर पुढच्या वृत्तांतात 'काही चिकित्सक मित्र' म्हणून याल.

अभिप्राय द्यावाच लागतो आणि तो देण्याची वेळ नाजूक असते. दहा मिनिटांत दिलात तर वाचलं नाही हे उघड होतं. तिसऱ्या दिवशी दिलात तर तो तोवर फुगलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत द्यावा. नुसतं 'अप्रतिम' चालत नाही, पुढच्या भेटीत तो उलटतपासणी घेतो. तेव्हा एखादी नेमकी जागा सांगावी. 'भाकरीचा परिच्छेद फार आवडला' हे वाक्य पाठ करून ठेवा. भाकरीचा परिच्छेद असतोच. हे वाक्य न वाचताही चालतं, आणि मी ते रतनगड, राजमाची आणि नाणेघाट या तिन्हींसाठी वापरलेलं आहे.

कलम ९ रद्द. त्याला घरीच ठेवून जावं असं ते होतं.

रद्द करण्याचं कारण नोंदवणं भाग आहे. एका पावसाळ्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि आम्ही त्याच्याशिवाय रतनगडला गेलो. फार मजा आली म्हणतात. आता आम्ही भेटलो की भांडतो, उतरताना साम्रदच्या बाजूने आलो की रतनवाडीच्या. नेढ्यात वारा होता यावर एकमत आहे. टोपी कोणाची उडाली यावर दोन गट आहेत. तंबूचा खांब कुणी विसरला यावर तर एक जण अजून नीट बोलत नाही. कुणी काही लिहिलेलंच नाही, त्यामुळे निकाल लागत नाही. त्याच्या वृत्तांतांत विशेषणं फार असतात, पण कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे, कुठली वाट गुरांची आहे, डबा मागवायचा तर कोणाला निरोप द्यायचा हेही असतं आणि ते बरोबर असतं.

मागे खिरेश्वरहून चढताना वाटेत पाच-सहा पोरं भेटली. नवखी होती. एकाच्या हातात छापून आणलेले कागद, घामाने मऊ पडलेले. दोन वाटा फुटतात तिथे थांबून तो इतरांना वाचून दाखवत होता : इथे डावीकडची ठळक वाट सोडून द्यावी, ती गुरांची आहे. मजकूर आमच्या बखरकाराचा होता, अगदी 'ठळक' या शब्दासकट. तो चार हातांवर उभा. मला वाटलं, आता हा ओळख देईल, बोलेल, निदान फोटो तरी काढेल. त्याने पट्टा सैल करून परत आवळला, घोटभर पाणी प्यायला आणि पोरं उजवीकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत बुटाची नाडी बांधत बसला. त्या खेपेचा वृत्तांत मी शोधून शोधून वाचला. दमलेला ज्येष्ठ सदस्य त्यात आहे, साइक्ससाहेब आहेत, गवताचे फोटो आहेत. ती पोरं नाहीत.

हरिश्चंद्रगडाला निघणाऱ्यांनी त्याचा वृत्तांत जरूर वाचावा. फक्त त्यातलं जीपचं भाडं जुनं आहे, ते विचारून घ्या. जेवणाचा निरोप आदल्या दिवशी द्या. आणि दिवाळीनंतर जाणार असाल तर माणशी तीन लिटर पाणी बरोबर ठेवा, वृत्तांतात काहीही लिहिलेलं असो.