पट्टेवाले

कचेरीतला पट्टेवाला आता जवळजवळ दिसेनासा झाला. कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला आणि साहेबाच्या दाराबाहेर स्टूल. पण ही जागा रिकामी राहिलेली नाही. पुण्या-चिंचवडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, खाली पार्किंगमध्ये नवा पट्टेवाला सापडेल. याचा पट्टा कमरेला नसतो. खरं तर तो कुठेच नसतो. तो शोधत हिंडणं हाच याचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

आमच्या सोसायटीतले पट्टेवाले पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढून घरी बसले. म्हणजे बसले नाहीत, तीच तर अडचण. पार्किंगमधल्या आपल्या चौकोनातून त्यांनी स्वतःची गाडी बाहेर काढली आणि तिथे एक बेंच ड्रिल, एक ग्राइंडर, लाकूड कापायचं एक यंत्र आणि जुन्या चादरीखाली झाकलेला छोटा चिनी लेथ असा संसार मांडला. गाडी रस्त्यावर उन्हात आणि लेथ सावलीत. या यंत्रांवर आजवर नक्की काय तयार झालं, असं वार्षिक सभेत एकदा एका सभासदाने विचारलं होतं. काकांनी प्रामाणिकपणे यादी दिली. देवघराच्या दाराची कडी, चकलीच्या सोऱ्याच्या दोन जाळ्या आणि बाकी सगळे याच यंत्रांचे सुटे भाग.

हे मात्र खरं, की यंत्राचा कुठलाही भाग मोडला तरी त्यांचं काही अडत नाही. चावी गेली, चावी करतील. बुश झिजला, पितळेचा तुकडा लेथवर चढवतील. पुलीसुद्धा त्यांनी घरी केली आहे, खाचेच्या कोनासकट. अडतं ते फक्त पट्ट्यापाशी. रबर काही लेथवर कातता येत नाही. जगात काहीही विकत आणायला लागू नये अशी ज्याची जिद्द, त्या माणसाला दोनेकशे रुपयांच्या रबराच्या कड्यासाठी दुकानदाराच्या दारात उभं राहावं लागतं. हे शल्य मोठं आहे. यंत्राचा पट्टा तुटला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, तो यामुळेच.

त्यात पट्ट्याची एक जन्मजात खोड असते. त्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. पट्टा चांगला असतो तेव्हा तो नंबर कुणी वाचत नाही आणि तुटतो तेव्हा नेमका तेवढाच भाग गुळगुळीत झालेला असतो. कंपनीचं नाव शाबूत, ‘मेड इन इंडिया’ शाबूत, नंबराच्या जागी काळं तुळतुळीत टक्कल. यावर काकांचा एक उपदेश ठरलेला आहे आणि तो त्यांनी सोसायटीच्या पंपवाल्यापासून कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना केला आहे: “नवा पट्टा चढवलास की नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेव. तारखेसकट. पुढचा मनुष्य दुवा देईल.”

मागच्या पावसाळ्यात ड्रिलचा पट्टा तुटला आणि स्कूटर माझी असल्यामुळे मीही त्यात ओढला गेलो. आम्ही नाना पेठेत गेलो. पट्टे विकणाऱ्याचं दुकान गारुड्याच्या घरासारखं दिसतं. छतापासून खाली काळी वेटोळी लोंबत असतात आणि मधोमध मालक निवांत बसलेला असतो. त्याने मान वर न करता विचारलं,

“नंबर?”

“नंबर पुसला गेलाय,” काका म्हणाले. “व्ही-बेल्ट आहे, ए सेक्शन. वरची रुंदी 13 मिलिमीटर, जाडी 8, कोन 40 अंश.”

“नंबर?”

“अहो, तेच सांगतोय. दोन पुलींचे व्यास आणि मधलं अंतर मी देतो...”

“जुना पट्टा आणलाय?”

“जुना पट्टा ताणलेला असतो! त्यावरून माप घ्यायचं म्हणजे सुजलेल्या पायावरून चपलेचं माप घ्यायचं.”

मालकाने पहिल्यांदा मान वर केली. तेवढ्यात मागून गॅरेजमधला एक पोरगा आला, “ए-42 दोन,” म्हणाला, पैसे टाकले, पट्टे खांद्यावर अडकवले आणि गेला. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात. परीक्षेत शेजारच्याला कॉपी करताना बघावं तसं काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

मग त्यांनी खिशातून कागद काढला. पट्ट्याची लांबी म्हणजे मधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची 1.57 पट, अधिक व्यासांच्या फरकाच्या वर्गाला अंतराच्या चौपटीने भागून येईल ते. मोठी पुली 100, लहान 50, अंतर 300. उत्तर 837.6 मिलिमीटर. “ही झाली पिचची लांबी,” काका गिऱ्हाइकांच्या वाढत्या गर्दीकडे वळून म्हणाले, कारण आता तो वर्गच झाला होता. “पण ए सेक्शनचा नंबर असतो आतल्या लांबीचा, तोही इंचात. म्हणून 36 वजा करा. राहिले 801.6. भागिले 25.4.” थोडं थांबून, निकाल जाहीर करावा तसं ते म्हणाले, “एकतीस पूर्णांक छप्पन्न शतांश.”

“म्हणजे साडेएकतीस,” मालक म्हणाला. “साडेएकतीस येत नाही. एकतीस घ्या, नाहीतर बत्तीस. आणि मोटर सरकवा.”

मोटर सरकवा! चौतीस वर्षं ज्याने मायक्रॉनमध्ये श्वास घेतला त्याला भर दुकानात ‘सरकवा’ सांगायचं. तसा मालक बरोबरच बोलत होता. ड्रिलच्या मोटरला सरकायची सोय असते ती याचसाठी आणि त्या चार-पाच सेंटिमीटरांत एकतीसही बसला असता, बत्तीसही. पण काकांच्या मते ती सोय पट्टा ताणण्यासाठी आहे, माणसाच्या चुका पोटात घालण्यासाठी नाही. आम्ही पट्टा न घेताच परतलो. स्कूटरवर मागे बसून ते मला सांगत होते की व्ही-बेल्ट पकडतो तो दोन्ही कुशींनी, पाचरीसारखा रुतून. त्याचं बूड खाचेच्या तळाला टेकलं की तो नुसता घसरत राहतो. लक्ष्मी रोडच्या त्या गर्दीत मी मान डोलवत होतो. हेल्मेटमुळे ते त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे ते पुन्हा सांगत होते.

घरी आल्यावर गणित बाजूला ठेवून प्रत्यक्ष माप घ्यायचं ठरलं. दोन्ही पुलींभोवती सुतळी गुंडाळली, गाठ मारली आणि ती सुतळी जपून खिडकीच्या कडीला टांगली. दुसऱ्या दिवशी महिन्याच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधायला काकूंना सुतळी हवी होती. रद्दीवाला माप घेऊन गेला. काका त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले. रद्दीवाला म्हणाला, “काका, सुतळी परत देतो, पण वजन आता बदलणार नाही.”

एव्हाना ज्याला पट्टा हवा होता तो गृहस्थ मागे पडला होता आणि ज्याला शोध हवा असतो तो पुढे आला होता. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फेरी सुरू झाली. तिथे गंजलेल्या कुलपांच्या आणि एकेकट्या बुटांच्या ढिगात पट्टेही मिळतात. धुलाई यंत्राचे चपटे रेघारेघांचे, कुठल्याशा प्रिंटरचे दातेरी. प्रत्येक फेरीत दोन-तीन घरी यायचे. “हे कशाला, काका?” विचारलं तर म्हणायचे, “असू दे. या पट्ट्याचं यंत्र मिळालं तर?”

तेवढ्यावर भागेना, म्हणून एके दिवशी सकाळी 7:15ची डेक्कन क्वीन गाठून ते मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेले. पट्टे, बेअरिंगं, पंप, पाने यांची ती पंढरी. ज्याच्या घरी लेथ आहे त्याला तिथे एकटं सोडू नये. काका संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परतले तेव्हा हातात जड पिशवी होती. तीत सहा बेअरिंगं, एक बोअर गेज आणि तीन पट्टे होते. तिन्ही पट्टे ग्राइंडरचे. ग्राइंडर चालू होता. शिवाय त्याला पट्टा नसतोच, दगड थेट मोटरच्या दांड्यावर असतो, हे त्यांना कर्जतच्या घाटात आठवलं.

लेथच्या पट्ट्याची कथा तर त्याहून करुण. तो दातेरी, सत्तर दातांचा. दोन दातांमधलं अंतर सरळ पाच मिलिमीटर असतं तर प्रश्न नव्हता. पण तो मॉड्यूलच्या मापाचा पट्टा, म्हणजे मॉड्यूल 1.5 गुणिले पाय. अंतर 4.712 मिलिमीटर, दशांश चिन्हापुढे जेवढं खोल जाल तेवढं कमी. “वर्तुळाचा पाय यांनी रबरात घातलाय,” काका हताशपणे म्हणायचे. मुलगा अमेरिकेत. बाकीच्यांची मुलं तिकडून येताना बदाम आणि चॉकलेटं आणतात. काकांनी पट्टा सांगितला आणि लांबी कळवली: 329.9 मिलिमीटर. मुलाने तिकडे शोधून 130 एक्सएल नंबरचा पट्टा आणला. लांबी 330.2. फरक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. विमानतळावरून घरी येईपर्यंत बापलेक दोघांच्या डोळ्यांत पाणी. खाली येऊन पट्टा चढवला. दात पासष्ट. तिकडच्या पट्ट्याचे दात इंचाच्या पंचमांशावर, म्हणजे 5.08वर असतात. लांबी जुळली, दात जुळले नाहीत. पत्रिका जुळून स्वभाव न जुळावेत तसं.

मुलगा तीन आठवडे राहिला. शेवटच्या दिवशीसुद्धा काका त्याला विचारत होते, “तू दात मोजले का नाहीस?”

या सगळ्यात काकूंचं शिवणयंत्र वरच्या मजल्यावर बिनबोभाट चालू असायचं. त्याचा पट्टा म्हणजे चामड्याची गोल दोरी. बाजारात लांबच लांब मिळते, हवी तेवढी कापायची, टोकांना भोकं पाडून तारेची कडी अडकवायची, सैल झाली की बोटभर कापून पुन्हा जोडायची. दहा मिनिटांचं काम, नंबर नाही, सूत्र नाही. काकांना हे बघवत नसे. “तो पट्टा नव्हे, ती दोरी आहे,” असं ते म्हणायचे. दातेरी पट्टा मुळात 1940च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठीच निघाला, सुई आणि बॉबिन एका तालात राहावेत म्हणून. ही माहिती मला काकांनीच दिली होती, पण काकू घरात नसताना.

श्रावण लागला. झोपाळ्याच्या कडीला भोक पाडून हवं होतं आणि ड्रिल दोन महिने मुकं उभं होतं. एका दुपारी काका जुन्या बाजारात गेलेले असताना काकूंनी खिळ्याला लटकलेला तुटका पट्टा काढला, पिशवीत टाकला आणि भाजी आणायला गेल्या. वाटेत हार्डवेअरचं दुकान लागतं. दुकानदाराने तुटका पट्टा सरळ करून भिंतीवरच्या पट्ट्यांशेजारी धरला, एकदा वर सरकला, एकदा खाली सरकला आणि एक काढून दिला. काकूंनी तो मेथीच्या जुडीवर ठेवून घरी आणला. मोटर सरकवली मी. ती कशी सरकवायची हे मला एव्हाना पाठ होतं.

काका आले तेव्हा ड्रिल गरगर फिरत होतं. ते लांबूनच ऐकत उभे राहिले. पट्टा किंचाळत नव्हता, फडफडत नव्हता. त्यांनी जवळ येऊन स्विच बंद केला, अंगठ्याने पट्टा मधोमध दाबून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टा हळूहळू फिरवत नंबर शोधला.

“बत्तीस,” ते म्हणाले. कोणाकडेच न बघता.

“दोन महिन्यांपूर्वी दुकानदार हेच म्हणत होता म्हणे,” काकू म्हणाल्या.

“तो अंदाज होता.” काकांनी खिशातून कागद काढला, तोच 837.6चा, घडी घालून पुन्हा ठेवला. मग नाना पेठेतही न दिसलेलं अवसान आणून मला म्हणाले, “जा, वरून पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक कुंचला घेऊन ये. नंबर पुसायच्या आत लिहून टाकू. पुढच्या माणसाला त्रास नको.”

मी डबी आणली. काकांनी ड्रिलचं वरचं झाकण काढलं, उलटं केलं, फडक्याने आतली तेलकट धूळ पुसली आणि कुंचला बुडवला.

कुंचला तसाच हवेत राहिला. मी वाकून पाहिलं. धुळीखाली, नीट टूलरूमच्या ठसठशीत आकड्यांत, पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: ए-32. खाली तारीख, सात वर्षांपूर्वीची. साताला आडवी रेघ, जशी सोसायटीत फक्त एकच माणूस देतो.

काकू वाकल्या, वाचलं, मेथीची जुडी उचलली आणि काही न बोलता जिना चढायला लागल्या.

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, झाकण उजेडाकडे धरलं, पुन्हा एकदा नीट निरखलं.

“हे अक्षर माझं नाही,” ते म्हणाले.