पूर्वीचं ऑप्री राहिलं नाही

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम २८ नोव्हेंबर १९२५च्या शनिवारी सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. ‘पूर्वीचं ऑप्री राहिलं नाही’ हे वाक्य बहुधा त्याच्या पुढच्या शनिवारी सुरू झालं असावं. तेही चालूच आहे.

हे वाक्य म्हणणारा गृहस्थ ऑप्रीत हमखास भेटतो. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर कडक हॅट, पायांत चकचकीत बूट, छातीवर हातांची घडी. तिकीट महिनाभर आधी काढलेलं असतं. खुर्चीत बसला की पहिल्यांदा मान उंचावून मंचावर ड्रम आहेत का ते बघतो. असतातच. मग समाधानाने निःश्वास सोडतो. संध्याकाळ बिघडायला हवी तशी बिघडलेली असते. ऑप्रीत अनेक वर्षं ड्रमला मज्जाव होता. १९४४ साली बॉब विल्सने ते मंचावर आणले तेव्हा केवढा गहजब झाला, हे तो प्रत्यक्ष पाहिल्यासारखं सांगतो. जन्म मात्र त्यानंतरचा.

“हँक विल्यम्सला ऐकलंय मी,” तो शेजाऱ्याला सांगतो. “११ जून १९४९. ऑप्रीत पहिल्यांदा गायला ना, ती रात्र.”

“तुम्ही तेव्हा केवढे होतात?”

“सात महिन्यांचा. पण घरात रेडिओ होता, पोरा, आणि मला कान होते.”

यात अगदीच खोटं नाही. ऑप्री प्रसारित करणाऱ्या डब्ल्यूएसएम या केंद्राची ताकद १९३२ साली ५०,००० वॅटची झाली आणि रात्रीच्या वेळी ऑप्री कितीतरी राज्यांतल्या शेतघरांत ऐकू जाऊ लागलं. तिथे शनिवारची रात्र म्हणजे ऑप्री, हे ठरूनच गेलं. पाळण्यातल्या पोरांचीही त्यातून सुटका नव्हती.

“तेव्हा धंदा नव्हता हो, निव्वळ संगीत!” हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. वास्तविक हे केंद्र काढलं एका विमा कंपनीने. ‘आम्ही लाखोंना कवच देतो’ या अर्थाच्या तिच्या इंग्रजी ब्रीदवाक्याची आद्याक्षरं हेच केंद्राचं नाव. कंपनीचा एजंट शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला की आधी ऑप्रीची ओळख सांगायचा आणि मग हप्त्याचं बोलणं काढायचा. आमचे गृहस्थ जाहिरातींवर तोंडसुख घेत असतानाच मंचावर मार्था व्हाइट पिठाचं जाहिरातगीत सुरू होतं. त्यांचे ओठ आपोआप हलायला लागतात. शब्द तर शब्द, मधल्या विरामाच्या जागाही पाठ.

आणि अस्सल गावरानपणा? ऑप्रीचे सुरुवातीचे सूत्रसंचालक जॉर्ज हे स्वतःला ‘गंभीर म्हातारा न्यायाधीश’ म्हणवून घेत. त्यांचं वय तेव्हा तीस, पेशा मूळचा पत्रकाराचा. हम्फ्री बेट हे शिकलेसवरलेले डॉक्टर आपला वाद्यवृंद घेऊन आले, तर या जॉर्जसाहेबांनी त्या वृंदाचं ‘पॉसम हंटर्स’ असं रानटी बारसं करून टाकलं. सुटाबुटात वाजवणाऱ्यांना पुढे छायाचित्रांसाठी शेतकऱ्यांचे कपडे चढवावे लागले. १.९८ डॉलरची चिठ्ठी लोंबणारी हॅट घालून भोळीभाबडी खेडवळ बाई रंगवणारी मिनी पर्ल खात्यापित्या घरातली, चांगल्या कॉलेजात शिकलेली होती. हे सगळं आपल्या गृहस्थांना ठाऊक आहे. “पण तेव्हाचं सोंगसुद्धा अस्सल होतं,” असं त्यांचं म्हणणं. यावर काय बोलणार?

रायमन सभागृहाचा विषय निघाला की त्यांचा आवाज कापरा होतो. १८९२ साली धार्मिक सभांसाठी बांधलेली ही वास्तू. ऑप्री तिथे १९४३ ते १९७४ होतं. बसायला चर्चची लाकडी बाकं, वातानुकूलन नाही, गायिकांनी कपडे बदलायचे ते बायकांच्या स्वच्छतागृहात. “घाम गाळून ऐकलेलं गाणंच अंगात भिनतं,” हे गृहस्थ एसीच्या झोतात म्हणतात आणि कोटाची कॉलर वर करतात. १६ मार्च १९७४ला ऑप्री शहराबाहेरच्या नव्या वास्तूत गेलं. उद्घाटनाला अध्यक्ष निक्सन आले, त्यांनी पियानो वाजवला, ऑप्रीचा गायक रॉय एकफने त्यांना यो-यो शिकवायचा प्रयत्न केला. “अपशकुनी जागा! पाच महिन्यांच्या आत खुर्ची गेली बिचाऱ्याची.” वॉटरगेट वगैरे किरकोळ कारणं त्यांना मान्य नाहीत.

रायमनच्या मंचाचा एक गोल तुकडा कापून या नव्या मंचाच्या मधोमध बसवलाय. कंट्री गाणाऱ्या पोरापोरींच्या जिवाला त्या वर्तुळात उभं राहायची आस असते. २०१०च्या पुरात तो पाण्याखाली गेला, दुरुस्त होऊन परत आला. फळ्यांचा क्रम बदललाय, असा आमच्या गृहस्थांना दाट संशय आहे.

एकाच नावापाशी त्यांची स्मरणशक्ती दगा देते. कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळालं १९२७ साली, आणि त्या रात्री माउथ ऑर्गनवर धडधडती आगगाडी उभी केली ती डिफर्ड बेली या कृष्णवर्णीय कलावंताने. रेडिओवर तो सगळ्यांचा लाडका. दौऱ्यावर मात्र हॉटेलं त्याला खोली देत नसत. १९४१मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकलं आणि पुढे नॅशव्हिलमध्येच तो बुटांना पॉलिश करून पोट भरत राहिला. बेलीबद्दल विचारलं की गृहस्थ हॅट काढतात, आतली घामपट्टी पुसतात आणि पुन्हा ड्रमवर येतात. पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं म्हणायचं, तर पूर्वीचं थोडं विसरावंच लागतं.

इतकं असूनही त्यांचा शनिवार चुकत नाही. नव्या मुलीने जुन्या ढंगाने फिडल छेडलं की त्यांच्या बुटाचा चवडा ताल धरतो. लक्षात आलं की ते पाय मागे घेतात. ऑप्रीचं सदस्यत्व मागून मिळत नाही, आमंत्रण यावं लागतं. पण ज्यांच्याशिवाय हा कार्यक्रम शंभरी गाठता ना, त्यांत या कुरकुऱ्याची गणना करायला हवी. उद्या संस्थेने त्यालाच सन्मानाने सदस्य करून घेतलं, तर तो वर्तुळात उभा राहील, हॅट सरळ करील आणि माइकवर सांगेल, “हल्ली कुणालाही घेतात.”