काकांची शाळा

आमच्या सोसायटीतले काका दर रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत शाळा भरवतात. पटावर चाळिशी ओलांडलेली मंडळी. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेला, म्हणून किनोआच्या नादी लागलेली. हे बघून काकांचा जीव तुटतो. "अहो, तो दक्षिण अमेरिकेतून येणार, त्याचं गाडीभाडं तुम्ही भरणार! आणि त्याच्याच कुळातला राजगिरा एकादशीशिवाय आठवत नाही तुम्हाला!"

उपाशीपोटी बाजारात शिरायचं नाही, हा पहिला नियम. तो पाळण्यासाठी आधी सगळे मिसळ खातात, तर्री मागून मागून. पैसे शिष्यांनी द्यायचे. ती फी.

काकांच्या खिशात भिंग असतं. मल्टिग्रेन बिस्किटांचा पुडा कुणाच्या पिशवीत दिसला, की ते बाहेर येतं. पुड्यावर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे काकांचं लाडकं कलम.

"वाचा!"

"मैदा, साखर, पाम तेल..."

"धान्यं कुठे आली?"

"खाली आहेत, बारीक अक्षरात."

"लग्नातले लांबचे पाहुणे! पत्रिकेत नाव आहे, पंगतीत पत्ता नाही."

मग भुसार दुकान. नाचणी ओंजळीत घेऊन काका शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, असा हिशेब मांडतात. "मग गोळ्या बंद करू?" असं कुणी विचारलं, की ओंजळ घाईघाईने पोत्यात रिकामी होते. "ते डॉक्टरांना विचारा." संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, यावर त्यांचा मनापासून राग आहे. बाजरीला चकचकीत पाकिटात बसायची सवय तेव्हापासून लागली, असं त्यांचं मत. बाकी माणसाचं बरंचसं खरं असतं, हीच पंचाईत.

शेवग्याच्या शेंगा घेतल्या की कोपऱ्यावरच्या मावशी पाल्याची जुडी वर फुकट टाकायच्या. एका रविवारी काकांनी तिथेच तास घेतला: पाल्यातलं लोह, कॅल्शियम, आणि मॉलमध्ये त्याच पाल्याची पूड केवढ्याला पडते ते. मावशी मेथी निवडत ऐकत होत्या.

पुढच्या रविवारी जुडी वीस रुपये.

"अहो, परवापर्यंत फुकट देत होतात ना?"

"परवापर्यंत मला कुठं ठाऊक होतं त्यात काय काय असतंय ते! तुम्हीच सांगितलंत की."

काकांनी घासाघीस करून जुडी पंधरावर आणली आणि वर्गाकडे वळले. "बघितलंत? पाच रुपये वाचले."